ढोल वाजवणारं चाक

गॅरेजवाल्याचा लेख म्हणल्यावर तुम्ही जरा टेकून बसला असाल. पांढऱ्या मिशांचा फोटो शोधत असाल. चाळीस वर्षांपूर्वी एक पाना खिशात घालून घर सोडलं, मग उपाशी झोपलो, मग देव पावला, मग स्वतःचं वर्कशॉप, असं काहीतरी येईल असं वाटलं असेल. येणार नाही. मी सव्वीस वर्षांचा आहे, मिशा अजून मधे नीट जुळत नाहीत आणि वर्कशॉप आप्पा मिस्तरींचं आहे. या अंकाच्या संपादक काकांची गाडी मीच बघतो. ते बोनेटवर हात टेकून म्हणाले, "विनोदी लिही रे, तू नकला भारी करतोस." म्हणजे तुम्हाला हसायचं असणार. हसा, मी अडवत नाही. त्या दिवशी पण सगळे हसलेच होते.

आमच्या प्रकाशा गावात मला पोपट म्हणतात. घरचं नाव आहे, पण ते रेशनकार्डावरच. शाळेत असताना एकदा ऑफिसच्या खिडकीमागे उभं राहून मोठ्या गुरुजींच्या आवाजात "प्रार्थनेला चलाऽऽ" म्हणलं, तर भर दुपारी अख्खी शाळा रांगेत उभी राहिली. दोन सर पण उभे राहिले. मार बसला, पण नाव झालं. दहावीनंतर आयटीआय केलं आणि आप्पा मिस्तरींकडे लागलो. तापीच्या पुलाच्या थोडं अलीकडे, रस्त्याला लागूनच आमचं पत्र्याचं गॅरेज आहे.

आप्पा साठीचे. बोलणं सगळं अहिराणीत, आणि थोडंच. त्यांनी मला कामावर ठेवलं ते हातामुळे नाही, तोंडामुळे. कसं ते सांगतो.

गिऱ्हाईक गाडी आणतं आणि म्हणतं, "पुढून कसातरी आवाज येतो." आता कसातरी म्हणजे कसा? माणसाला गाडीचा आवाज कानात असतो, तोंडात येत नाही. लाज वाटते. चांगला धोतर-टोपीतला माणूस रस्त्यावर उभा राहून "घूंऽऽ" कसा करणार? मग ते काम माझं. चष्म्याच्या दुकानात भिंगं बदलून विचारतात ना, हे बरं का हे बरं, तसं मी एकेक आवाज काढायचो. "घूंऽऽ असा? का घर्रऽर्र असा? का वळताना कट-कट-कट?" गिऱ्हाईक खूश होऊन बोट दाखवायचं, "हाच! हाच!" घूं म्हणजे बहुतेक चाकाचं बेरिंग नाहीतर टायर. कट-कट म्हणजे दुसरीकडे बघा. निम्मं काम जॅक लावायच्या आधीच झालं.

बेरिंग म्हणजे काय, ते पण सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुढचं चाक ज्याच्यावर बसतं तो हब. हबच्या पोटात बेरिंग. लोखंडाच्या दोन कड्या आणि त्यांच्या मधे गोळ्या नाहीतर छोटे रोलर, सगळे ग्रीसमध्ये न्हालेले. गाडीचं सगळं वजन त्या बोटभर रोलरांवर आणि ते वजन घेऊन चाक फिरतं. ग्रीस सुकलं की रोलर घासतात, घासले की तापतात, तापले की निळे पडतात.

तपासायची रीत सोपी आहे. चाक जॅकवर उचलायचं. घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे, म्हणजे वर आणि खाली, दोन हातांनी चाक धरायचं आणि हलवायचं. खटखट हललं तर बेरिंग ढिलं असेल नाहीतर खालचा जॉइंट. मग गिऱ्हाइकालाच आत बसवून ब्रेक दाबायला सांगायचा आणि पुन्हा हलवायचं. हलणं थांबलं तर बेरिंग. मग चाक हाताने फिरवायचं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवायचा. बेरिंग खरबरीत झालं असेल तर स्प्रिंग थरथरते, मांजर मांडीवर घुरघुरतं तशी.

आणि शेवटी पूल. हा आप्पांचा नियम. गाडी काचा खाली करून तापीच्या पुलावर न्यायची. उघड्या रस्त्यावर चाकाचा आवाज केळीच्या बागांत उडून जातो, पुलावर कठडा तो परत फेकतो, सरळ कानात. पूल ओलांडला की मोकळ्या रस्त्यावर हलकं डावीकडे, हलकं उजवीकडे. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेरिंग. परत आल्यावर उतरायचं आणि तळव्याने नाही, हाताच्या पाठीने हबला हात लावायचा. जो हब जास्त गरम, तोच चोर.

वजनावरून आठवलं. आमच्या पलीकडच्या गावचे एक गुजर शेतकरी काका, केळीवाले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोपट, गाडी एकटा चालवली की एकदम शांत. तुझी काकू शेजारी बसली की घूंऽऽ." काकू आत बसूनच होत्या. त्यांना ऐकू गेलं. काच खाली आली.

"म्हणजे मन्हामुये?" माझ्यामुळे का.

काका टायर बघायला लागले. मी म्हणलं, "काकू, तुम्ही बसल्या म्हणून बेरिंग सापडलं. काका एकटे फिरत राहिले असते तर चाक निघून पडलं असतं." खरंच डाव्या पुढच्या चाकाचं बेरिंग होतं, वजन पडलं की बोलायचं. काकू आता दर वेळी गाडीबरोबर येतात आणि खुर्चीवर बसून सांगतात, "मी बसेल शे, तपासी ले."

असे दिवस चालले होते. एकदाच आप्पांनी टोकलं होतं. शहाद्याच्या एका मास्तरांनी नवी घेतलेली जुनी गाडी आणली होती. मी घूं काढला. इतका झकास काढला की ते म्हणाले, "अगदी हाच." हब उघडला, बेरिंग नव्यासारखं. टायर एका बाजूने खाल्लं होतं, आवाज त्याचा. आप्पा हात पुसत म्हणाले, "पोपट, तू आवाज वळखी ऱ्हायना का इकी ऱ्हायना?" आवाज ओळखतोयस की विकतोयस. मी त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर आप्पांच्या आवाजात हे वाक्य म्हणून दाखवलं. खूप हसले सगळे.

आता सायसिंगदादाकडे येतो. उशिरा येतोय, मला माहीत आहे. काकूंची गोष्ट सांगताना हात पटापट चालतो, इथे आला की थांबतो.

दोन वर्षांपूर्वीची होळी. होळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे डोंगरातल्या जीपगाड्यांची रांग. सातपुड्यात होळी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. गावंच्या गावं काठी गावच्या होळीला जातात, बाजाराला खाली येतात, गाड्यांना उसंत नसते. म्हणून ड्रायव्हर आधी चाकं दाखवून घेतात. सायसिंगदादा तोरणमाळच्या खालच्या एका पाड्यातला, तिशी-पस्तिशीचा, पावरा आदिवासी. स्वतःची जीप, स्वतःच चालवायचा. आणि त्याच्या पाड्याचा मोठा ढोल त्याच्या गळ्यात असायचा. काठीला मी त्याला वाजवताना दोनदा बघितलं होतं. ढोल एवढा मोठा की मागून माणूस दिसत नाही, नुसता टिपरू मारणारा उजवा हात दिसतो, वर जातो, थांबतो, पडतो.

आप्पा त्या दिवशी सामान आणायला नंदुरबारला गेले होते. रांगेत पाच गाड्या. सायसिंगदादाचा नंबर आला. घरी पावरी बोलणारा माणूस, मराठी त्याची शाळेतली आणि ड्रायव्हरकीतली. शब्द मोजून ठेवायचा, दोन शब्दांच्या मधे थांबायचा.

"दादा, चाक ढोल वाजवतं," तो म्हणाला.

"कुठलं?"

"डावीकडे वळलं की... मोठा ढोल. उजवीकडे वळलं की बारीक होतो. लांबच्या पाड्यातून आल्यासारखा."

आज विचार केला की कळतं, इतकं बरोबर माझ्याकडे कोणी सांगितलेलं नाही. डावीकडे वळलं की मोठा म्हणजे उजवं चाक. मी पुलावर जाऊन जे शोधणार, ते त्याने घाटातच शोधून आणलं होतं. ढोलवाल्याचा कान. पण मला त्यातलं काय ऐकू आलं? ते थांबणं ऐकू आलं. तो उच्चार ऐकू आला. झालं, पोपटाला मिरची मिळाली.

ग्रीसची रिकामी बादली होती. तिची कडी मी गळ्यात अडकवली, पाना घेतला आणि सुरू. "दादाऽऽ... चाक... ढोल वाजवतं!" ढम्म. "डावीकडे वळलं की..." ढम्म ढम्म, आणि डावीकडे वाकलो. "लांबच्या पाड्यातून..." बादली पाठीमागे नेऊन हळूच टिक. त्याच्यासारखा चाललो पण. रांगेतले ड्रायव्हर पोट धरून हसले. केळीच्या ट्रकवाल्याने मोबाइल काढून शूटिंग घेतलं. मोबाइल दिसला की मी आणखी दोन कडवी वाढवतो, सवय आहे. सायसिंगदादा पण हसला. म्हणजे त्याचे दात दिसले.

मग मी काम केलं. केलं म्हणतो. उजवं चाक उचललं, बारा-सहाला धरलं, थोडं हललं. ब्रेक दाबायला लावला, हलणं थांबलं. बेरिंग ढिलं. या जीपच्या हबमध्ये पुढे एक मोठा नट असतो, तो आवळला की बेरिंग घट्ट होतं. हबची टोपी काढली, नट आवळला, चाक फिरवलं. हललं नाही, आवाज नाही.

"बघ, फोडला तुझा ढोल."

तो चाकावर हात ठेवून उभा राहिला. "उघडून नाही बघायचं?"

"होळीनंतर ये, सगळं उघडू. आता मागे रांग बघ."

तो अजून थोडा थांबला. मग गेला. मी पुलावर गाडी नेली नाही.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "तो तोरणमायवाला, पूलवर लई गयथा का त्यानी गाडी?" त्याची गाडी पुलावर नेली होतीस का.

"लई गयथा ना, आप्पा." एवढं सराईतपणे म्हणालो की मलाच पटलं.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. तोरणमाळच्या घाटात खाली येताना सायसिंगदादाच्या जीपचं उजवं पुढचं चाक निघालं. गाडीत बाजाराला निघालेली माणसं होती, बायका, दोन म्हातारे. डाव्या बाजूला दरी. गाडी उजवीकडे ओढायला लागली आणि त्याने ती सोडली नाही, तशीच स्वतःच्या बाजूने कड्याला लावली, दगड घासत घासत थांबवली. लोकांना खरचटलं, एका म्हाताऱ्याचा गुडघा सुजला. सायसिंगदादाचा उजवा कोपर खडक आणि दरवाज्याच्या मधे सापडला.

जीप ट्रॉलीत घालून आमच्याकडेच आली. आप्पांनी एकट्यांनी हब उघडला. बाहेरच्या बेरिंगचे रोलर निळे, दोन-चार तुटलेले, ग्रीसची काळी खरपुडी झालेली, करपलेल्या पिठल्यासारखी. त्यांनी सगळं एका वर्तमानपत्रावर ओळीने मांडलं. मला काही समजावून सांगायची गरज नव्हती. ग्रीस आधीच जळालेलं होतं. बेरिंग तापत होतं, मरत होतं. अशा बेरिंगला नट आवळायचा नसतो, ते उघडून फेकायचं असतं. मी त्याचा गळा आणखी आवळून त्याला घाटात पाठवलं होतं.

आप्पांनी एकच विचारलं. "चाकले हात लाई पाह्यथा का?"

चाकाला हात लावून बघितला होतास का. पुलावर गेलो असतो तर परत आल्यावर हात लावला असता. आप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते रोलर मोजत बसले.

आणि मग तो व्हिडिओ. तोपर्यंत तो शहाद्यापर्यंत पोचला होता, "ढोलवाली गाडी" नावाने. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने, त्याला काही माहीत नव्हतं बिचाऱ्याला, आप्पांना हसवायला म्हणून मोबाइल पुढे केला. "आप्पा, तुमना पोपट देखा." आप्पांनी बघितला. हसले नाहीत. परत लावला. तिसऱ्यांदा लावून मोबाइल कानाला धरला, फोनवर बोलतात तसा. मग काही न बोलता तो माझ्या कानाला लावला.

बादली वाजत होती. लोक हसत होते. आणि त्याच्या मागे, अगदी बारीक, लांबच्या पाड्यातून आल्यासारखा, सायसिंगदादाचा आवाज होता. "दादा, अजून एक..." ढम्म ढम्म. मग परत, "दादा, अजून..." ढम्म. मग तो गप्प झाला आणि व्हिडिओ संपला.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या दिवशी मला हे ऐकूच आलं नव्हतं. माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता तो. कोणाचाही आवाज मी एकदा ऐकला की उचलतो म्हणून मिरवायचो.

त्या वर्षी मी काठीला गेलो नाही. जाणारे-येणारे सांगत होते की ढोल वाजले, भारी वाजले. मी कोणता ढोल नव्हता ते विचारलं नाही. आताच सांगून टाकतो, त्याचा हात जुळला, पण कोपर पुरता सरळ होत नाही. मागच्या होळीला तो ढोल त्याच्या धाकट्या भावाच्या गळ्यात होता आणि सायसिंगदादा त्याच्या शेजारून चालत होता.

होळीनंतर जीप तयार झाली. नवा हब, नवी बेरिंगं. आप्पांनी सगळं मला करायला लावलं. तळहातावर ग्रीस घ्यायचं आणि बेरिंग त्यात दाबत राहायचं, रोलरांच्या मधून दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. आप्पा बाजूला उभे राहून बघत होते. मग किल्ली माझ्या हातात दिली. "तू लई जा. एकला."

पुलावर नेली. दोनदा नेली. मग तोरणमाळचा रस्ता धरला. घाटात ती जागा लगेच दिसली, कड्यावर जीपच्या रंगाचा हातभर ओरखडा. तिथे थांबलो, उतरलो, हाताच्या पाठीने चारी चाकांना हात लावला. थंड होती. थंड चाकाला हात लावून कोणी रडतं का? असो.

वाटभर मी माफीची तालीम करत होतो. एकदा आप्पांच्या आवाजात, एकदा गुरुजींच्या, एकदा पुढाऱ्याच्या. माझ्या आवाजात काही जमेना.

सायसिंगदादा अंगणात खाटेवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. घरात खुंटीला ढोल टांगलेला दारातूनच दिसत होता, गोधडीत गुंडाळलेला. त्याची बायको, म्हातारा बाप, शेजारची दोघं-तिघं जमली. मी किल्ली दिली. त्याने डाव्या हाताने घेतली.

"दादा, माझी चूक..." मी सुरू केलं.

"थांब," तो म्हणाला. "ते त्या दिवशीचं कर."

"काय?"

"माझं सोंग. मोबाइलमध्ये सगळ्यांनी बघितलं. माझ्या बापाने नाही बघितलं. कर."

मला वाटलं राग आहे, थट्टा आहे. पण तो वाट बघत होता, शांत. मी बादलीशिवाय उभा राहिलो आणि केलं. "दादा, चाक ढोल वाजवतं. डावीकडे वळलं की मोठा ढोल." कोणी हसलं नाही. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. "उजवीकडे वळलं की बारीक होतो. लांबच्या पाड्यातून आल्यासारखा. दादा, अजून एक..."

मी थांबलो.

"पुढे?" सायसिंगदादा म्हणाला.

"पुढचं मला माहीत नाही."

"कसं माहीत असणार?" आणि मग तो बोलला, एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "सोंगाचा राग नाही मला. होळीला आम्ही पण सोंगं घेतो, कुणी बाई होतं, कुणी जनावर होतं. पण ज्याचं सोंग घ्यायचं त्याला आधी पुरं बघतो आम्ही. दिवसभर बघतो. तू मला अर्धं ऐकलंस आणि तेवढ्यावरच नाचलास. घाट उतरून थांबलं की चाकाला हात लावता येत नव्हता, जळका वास येत होता, एवढंच होतं माझं पुढचं. एवढंसं. दोनदा बोललो. पाच गाड्या मागे उभ्या होत्या म्हणून तिसऱ्यांदा नाही बोललो, ती माझी चूक. माझी मी भरतो. तुझी तू बघ. लोक सांगतात पोपट हुशार आहे, सगळ्यांचे आवाज काढतो. मी त्यांना सांगितलं, त्याला आवाज काढता येतात, ऐकता येत नाहीत. बस आता खाली. बायकोने चहा ठेवला आहे. तो पिऊन होईपर्यंत तोंडातून एक आवाज काढायचा नाही. माझा बाप तुला काहीतरी सांगणार आहे, त्याला मराठी येत नाही, हळू बोलतो, मधे मधे विसरतो. तो पुरं बोलेपर्यंत जागचं उठायचं नाही."